बी.एस.-एम.डी. की आधी साधं कॉलेज? अर्ज भरणाऱ्यांनी आणि भरून सुटलेल्यांनी इथे लिहा

रातराणी | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक यंदा सीनियर, म्हणजे बारावीत आहे. न्यू जर्सीतली पब्लिक स्कूल, मार्क उत्तम, कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा देऊन झालीय, आणि डॉक्टरच व्हायचं हे तिचं नववीपासून पक्कं आहे. आम्ही दोघं आयटीतले. दोन्ही घरांत डॉक्टर कुणी नाही, त्यामुळे सगळं शून्यापासून समजून घेतोय.

आतापर्यंत कळलंय ते असं. इथे शाळा संपली की थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, दरम्यान एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेड स्कूलचे (मेडिकल कॉलेजचे) अर्ज, मग चार वर्षं एम.डी. आणि त्यानंतर रेझिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. बी.एस.-एम.डी. म्हणजे यातली आडवाट. शाळेतूनच अर्ज करायचा आणि कॉलेजबरोबर पुढच्या मेड स्कूलची जागाही राखून ठेवायची. जागा मात्र मूठभर.

तिच्या यादीत अशा आठ जागा आहेत आणि बारा नेहमीची कॉलेजं. शाळेतल्या काउन्सेलरबाई म्हणतात यादी फार लांब आहे, मैत्रिणींच्या आया म्हणतात फार छोटी आहे. समजा एखाद्या नामवंत कॉलेजात साधा प्रवेश मिळाला आणि फारशा नावाजलेल्या नसलेल्या कॉलेजात बी.एस.-एम.डी. मिळालं, तर तुम्ही काय केलंत? पैशांचं गणित कसं मांडलंत? संशोधन खरंच लागतं का? आणि सांगलीहून सासूबाईंचा रोजचा प्रश्न आहे, "अगं पण ती भारतातली 'नीट' परीक्षा का देत नाही?" त्यालाही कुणीतरी उत्तर द्या.

---

कोकणकडा | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

वाचतोय. आमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत, पण बायकोने एक्सेल शीट उघडलेली आहे.

---

ताकभात | १४ सप्टेंबर, रात्री ११:५२

रातराणी, धागा अगदी वेळेवर काढलास. आमचा मुलगा न्यू जर्सीतल्याच सात वर्षांच्या कार्यक्रमात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बी.एस.-एम.डी. ही एक गोष्ट नाही. नाव एकच, आत प्रकार निरनिराळे. कॅन्सस सिटीचं यूएमकेसी विद्यापीठ सहा वर्षांत पदवी आणि एम.डी. दोन्ही देतं, आणि हे १९७१ पासून चालू आहे. पण तिथे उन्हाळ्याची सुट्टी जवळपास विसरायची, आणि पहिल्या वर्षापासून मुलं रुग्णालयात असतात. आपल्याकडच्या एम.बी.बी.एस.ची सवय असलेल्या आजी-आजोबांना हेच सगळ्यात ओळखीचं वाटतं. सात वर्षांवाल्यांत कॉलेजचं एक वर्ष कापलेलं असतं. टीसीएनजे किंवा एनजेआयटी या न्यू जर्सीतल्या कॉलेजांत तीन वर्षं आणि मग नेवार्कच्या न्यू जर्सी मेडिकल स्कूलमध्ये चार. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमधला क्युनीचा (शहराच्या विद्यापीठाचा) कार्यक्रमही सात वर्षांचाच, पण त्यांचा सगळा भर डॉक्टर कमी असलेल्या वस्त्यांमध्ये काम करणारे डॉक्टर घडवण्यावर आहे. आठ वर्षांवाल्यांत वेळ काहीच वाचत नाही, वाचते ती धाकधूक. ब्राउन विद्यापीठाचं पीएलएमई त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. एमकॅट नाही, आणि कॉलेजात संस्कृत शिका नाहीतर शिल्पकला, कुणी अडवत नाही. तिथे शंभरातल्या दोन-तीन अर्जदारांना जागा मिळते.

ऑल्बनी मेडिकल कॉलेजचं उदाहरण मी सगळ्यांना देते. एकच मेड स्कूल आणि तीन वेगवेगळ्या कॉलेजांशी तीन वेगळ्या जोडण्या. रेन्सेलरमधून जाणाऱ्याकडे संशोधनाचा कल हवा, सिएनावाल्याकडे समाजसेवेचा, आणि युनियनवाल्याने एम.डी.बरोबर व्यवस्थापनाची पदवीही करायची. शेवटी सगळे एकाच वर्गात बसणार, पण निवडताना तिघांना तीन वेगळी मुलं हवी असतात. तेव्हा "संशोधन लागतं का" याचं उत्तर कुठे अर्ज करतेस त्यावर आहे. एकच निबंध तिन्हीकडे चिकटवला तर तिन्हीकडून नकार येतो.

आता 'गॅरंटी'बद्दल. गॅरंटीला अटी असतात, आणि त्या कॉलेजच्या चकचकीत पानावर नसतात, खाली बारीक अक्षरांतल्या पीडीएफमध्ये असतात. जीपीए (ग्रेडची सरासरी) किती राखायचा? नुसता सायन्सचा वेगळा मोजतात का? एमकॅट आहे का, असेल तर किमान किती? एका विषयात सी आला तर जागा जाते का? दुसऱ्या मेड स्कूलला अर्ज केला तर राखीव जागा सोडावी लागते का? आम्ही हे प्रश्न ईमेलने विचारले आणि लेखी उत्तरं घेतली. मुलाला लाज वाटत होती. वाटू दे.

---

भरत_भेट | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताकभात यांना +१. पीडीएफ वाचा. आणि गेल्या वर्षीची नको, यंदाची.

---

कुंपणावरचा | १५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मी विरोधी सूर लावतो. सतरा वर्षांच्या मुलाला "पुढची पंधरा वर्षं काय करणार" हे विचारून त्यावर सही घेणं मला पटत नाही. आपल्या समाजात तर ते मुलाने ठरवलंय की घराने, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

माझी मोठी मुलगी साध्या वाटेने गेली. कॉलेजात दोन वर्षं तिने अर्थशास्त्राशी संसार करून पाहिला, मग परत जीवशास्त्राकडे आली. पदवीनंतर एक वर्ष एका दवाखान्यात स्क्राइब म्हणून डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी टाइप केल्या, आणि मग अर्ज भरले. इथे मेड स्कूल सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय चोवीसच्या आसपास आहे, आणि निम्म्याहून जास्त मुलं मध्ये किमान एक वर्ष घेतात. घाई कुणालाच नाही, फक्त आपल्याला आहे.

दुसरं, हे कार्यक्रम बंदही पडतात. नॉर्थवेस्टर्नचा एचपीएमई १९६१ पासूनचा, केवढं नाव होतं त्याचं. २०२० च्या सुमारास त्यांनी नवे प्रवेश थांबवले. पाच वर्षांपूर्वीच्या याद्या व्हॉट्सॲपवर अजून फिरतायत आणि त्यातली काही दारं आता नाहीतच.

---

ताकभात | १५ सप्टेंबर, दुपारी १२:१०

@कुंपणावरचा, मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही मांडा ना. साध्या वाटेने दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं एम.डी.ला अर्ज करतात आणि पहिल्या वर्षाच्या जागा आहेत तेवीस हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी एकही होकार येत नाही. आणि ही मुलं आधीच गाळून आलेली असतात. कॉलेजच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीतच कितीतरी प्री-मेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणारे, गळतात, ते या आकड्यांत धरलेलेच नाहीत. जे आत जातात त्यांचा एमकॅट सरासरी ५११-५१२ आणि जीपीए ३.८ च्या आगेमागे. तुमच्या लेकीचं छान झालं, पण चोविसाव्या वर्षी तिसऱ्यांदा अर्ज भरणारी मुलंही मी पाहिलीत.

---

कुंपणावरचा | १५ सप्टेंबर, दुपारी १२:२५

ती मुलं सतराव्या वर्षी बी.एस.-एम.डी.त शिरली असती तर चोविसाव्या वर्षी डॉक्टर झाली असती, की चोविसाव्या वर्षी सगळं सोडून बसली असती? दोन्ही पाहिलंय.

---

सांजवात_एमडी | १५ सप्टेंबर, रात्री १०:४५

मी इंटर्निस्ट, म्हणजे जनरल मेडिसिनचा डॉक्टर. एम.बी.बी.एस. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून, रेझिडेन्सी इथे. गेली काही वर्षं प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्यांत असतो. कुठे, ते विचारू नका.

नीटबद्दल आधी. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, बावीस लाखांहून जास्त मुलं, आणि शेवटी एक आकडा. क्रूर आहे, पण उघडं आहे. ६४० ला कुठलं कॉलेज मिळेल हे कोपऱ्यावरचा क्लासवालाही सांगू शकतो. इथे कटऑफ नाही, त्यामुळे "माझ्या मुलाचे मार्क तुमच्यापेक्षा जास्त, मग त्याला का नाही" या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही. मार्कांनी दार उघडतं, पण आत खुर्ची कुणाला द्यायची ते मार्कांवर ठरत नाही.

रातराणी, सासूबाईंना सांगायचं उत्तर: मुलगी अमेरिकन नागरिक असेल आणि ओसीआय कार्ड ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर मिळालेलं असेल, तर ती भारतात एनआरआयसाठी ठेवलेल्या जागांसाठीच पात्र आहे. सर्वसाधारण जागांवर हक्क नाही. त्या जागांची फी डॉलरमध्ये मोजली तरी बारीक नाही. आणि साडेपाच वर्षांनी परत इथे यायचं तर यूएसएमएलई ही परवाना-परीक्षा देऊन रेझिडेन्सीच्या मॅचमध्ये, म्हणजे जागावाटपात, उतरायचं. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांतल्या साधारण दोन-तृतीयांशांना जागा मिळते, इथल्या एम.डी. विद्यार्थ्यांत हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. त्या परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२ पासून फक्त पास-नापास झाल्यामुळे, गुण आणून उठून दिसायची बाहेरून येणाऱ्यांची एक मोठी सोयही गेली. मी त्या वाटेने आलो. माझ्या मुलांना मी ती सुचवणार नाही.

आता मुलाखती. बऱ्याच ठिकाणी एमएमआय असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून निघालेली पद्धत आहे. ओळीने खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला, वाचायला दोन मिनिटं, आत सात-आठ मिनिटं, घंटा, पुढची खोली. प्रसंग वैद्यकीयच असतो असं नाही. "तुमच्या गटातला एकजण काम करत नाही आणि उद्या सादरीकरण आहे." आपली मुलं इथे एक गोष्ट हमखास करतात. स्वायत्तता, न्याय, हित करणं, अहित टाळणं ही वैद्यकीय नीतिशास्त्राची चार तत्त्वं पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. समोरचा माणूस रडतोय आणि मुलगा तत्त्वं म्हणतोय. मी एकदा रडणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाची भूमिका करत होतो. एका मुलीने काहीच न बोलता टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि थांबली. तिला मी पैकीच्या पैकी दिले.

निबंधांबद्दल एकच विनंती. आजी आजारी पडली आणि मला डॉक्टर व्हावंसं वाटलं, हे कृपा करून लिहू नका. आजीबद्दल पूर्ण आदर आहे. पण फाइलींच्या गठ्ठ्यात आज्या फार झाल्यात.

---

पापडखार | १५ सप्टेंबर, रात्री ११:०२

"आज्या फार झाल्यात" :हहगलो:

---

दुपारतीन | १६ सप्टेंबर, पहाटे १:२०

डॉक्टर, माझा प्रश्न वेगळा आहे आणि इथे विचारावा की नाही हेही कळत नाही. मुलगा नाशिकचा, चार वर्षांचा असताना इथे आला. एच-४ वर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे. सगळं शिक्षण इथलं. मराठी त्याला वाचता येतं पण लिहिता येत नाही, म्हणजे तो इथलाच झाला. ग्रीन कार्डाची रांग तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काउन्सेलर म्हणाले, बी.एस.-एम.डी.च्या यादीतली बहुतेक नावं खोडा, ती फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना घेतात. हे खरं आहे का? त्याला अजून सांगितलेलं नाही.

---

भरत_भेट | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

खरं आहे, आणि वाईट वाटतं. आमच्या थोरल्याची हीच गोष्ट, म्हणून मुद्देसूद लिहितो.

बहुतेक राज्य-विद्यापीठांचे एकत्रित कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्ड एवढंच मानतात, काही तर त्याच राज्याचे रहिवासी हवेत म्हणतात. ब्राउनचं पीएलएमई परदेशी नागरिकांचाही अर्ज घेतं. आणखीही मोजकी खाजगी आहेत, पण दर वर्षी नियम बदलतात, म्हणून प्रत्येकाच्या प्रवेश कार्यालयाला 'एच-४' हा शब्द घालून विचारा. 'इंटरनॅशनल' म्हणून विचारलंत तर वेगळं उत्तर येतं. इथल्या शाळेतून बारावी झालेल्या एच-४ मुलाला काही राज्यांत इन-स्टेट फी लागू होते, काहींत नाही. ते आधी बघा, कारण कॉलेजच्या चार वर्षांत त्याचा फरक फार मोठा पडतो.

एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. तोवर तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाची तारीख चालू झाली नाही तर त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. २००२ चा सीएसपीए कायदा वयाच्या मोजणीत काही सवलत देतो, पण तुमच्या बाबतीत किती ते इमिग्रेशनच्या वकिलाकडूनच मोजून घ्या, फोरमवरून नको. फेडरल लोन मिळत नाही. मेड स्कूललाही परदेशी नागरिकांना घेणारी थोडी, आणि त्यातली काही चारही वर्षांची फी आधीच भरा किंवा खात्यात दाखवा म्हणतात.

आमच्या मुलाने शेवटी बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं. एफ-१ वर पदवीनंतर नोकरीची मुभा मिळते, आणि मेडिकलचं दार बंद केलेलं नाही.

आणि एक. त्याला आजच सांगा. आमच्याला डिसेंबरमध्ये एका अर्जाच्या फॉर्मने सांगितलं, ड्रॉपडाउनमधून. ते नको.

---

दुपारतीन | १६ सप्टेंबर, सकाळी ९:३५

धन्यवाद. रविवारी बोलतो.

---

यशस्वी_कन्सल्ट | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

*[जाहिरात उडवली आहे. 'खात्रीशीर प्रवेश' विकणाऱ्यांनी या धाग्यावर येऊ नये. — ॲडमिन]*

---

ताकभात | १६ सप्टेंबर, सकाळी ११:२०

बरं केलंत. अशांच्या पॅकेजचे आकडे हजारो डॉलर्समध्ये असतात आणि निबंध शेवटी असा होतो की त्यात मूल सापडत नाही. पैसेच खर्चायचे तर मुलाला अर्जाआधी कॉलेजं दाखवून आणा.

---

हिशेबनीस | १७ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

पैशांवर अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्यवसाय तोच आहे.

जुलै २०२५ च्या कायद्याने मोठा बदल झालाय, आणि पालकांना अजून पत्ताच नाही. आजवर मेड स्कूलचा जेवढा खर्च तेवढं ग्रॅड प्लस लोन सरकारकडून मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद. डॉक्टरीसारख्या व्यावसायिक पदवीला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर, बस. पालकांच्या नावावरच्या पॅरेंट प्लसवरही मर्यादा आली आहे, पदवीसाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. रातराणी, तुमची लेक मेड स्कूलला पोहोचेल तेव्हा हेच नियम असतील. खाजगी मेड स्कूलचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च अनेक ठिकाणी नव्वद हजारांच्या पुढे गेलाय. उरलेले चाळीस हजार दर वर्षी कुठून आणायचे? खाजगी बँक, तिचं व्याज, आणि सह-अर्जदार म्हणून तुमची सही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. कॉलेजच्या नावावर पैसे उधळू नका. ५२९ मध्ये (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) साठवलेलं सगळं पहिल्या चार वर्षांत संपलं तर खऱ्या खर्चाच्या वेळी हात रिकामे. सात-आठ वर्षांची बेरीज एका कागदावर मांडा. राज्य-विद्यापीठात गुणवत्तेची शिष्यवृत्ती आणि वर बी.एस.-एम.डी. असेल, तर ते आकड्यांत एखाद्या आयव्ही लीगला सहज मागे टाकतं. सात वर्षांवाल्यात एका वर्षाची फी वाचते आणि डॉक्टरची एक वर्षाची कमाई वाढते, हेही धरा.

उलट बाजूही सांगतो. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीने (एनवाययू) २०१८ मध्ये मेड स्कूलची शिकवणी फी सगळ्यांना माफ केली. ब्राँक्सच्या आइनस्टाइन कॉलेजला फेब्रुवारी २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी एक अब्ज डॉलर दिले, तिथेही फी गेली. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सने ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी ती माफ केली. राखीव जागेला बांधलेलं मूल या दारांवर टकटक करू शकत नाही, निदान राखीव जागा सोडल्याशिवाय तरी. कुंपणावरच्यांच्या बाजूने हा एकच मुद्दा मला आकड्यांत बसवता येतो.

---

कुंपणावरचा | १७ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

एक तर एक, चालेल. :)

---

मधली_सुट्टी | १८ सप्टेंबर, रात्री ११:५५

हाय. आई हा धागा रोज वाचते आणि मला मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून शेवटी मीच लिहिते. मी आठ वर्षांच्या एका कार्यक्रमात आहे, कॉलेजचं तिसरं वर्ष. मराठी शाळा बरीच वर्षं केली, चुका असतील तर सोडून द्या.

सगळ्यात छान काय? मी सेकंड इयरला इतिहासाचा एक कोर्स घेतला, त्यात बी मायनस आला आणि मी रडले नाही. माझी रूममेट साधी प्री-मेड आहे. ती अशा कोर्सच्या वाटेलाच जात नाही, कारण तिला जीपीए जपायचा असतो. तिच्या फ्रीजवर एमकॅटचं टाइमटेबल लावलंय. साडेसात तासांची परीक्षा आहे ती. मी त्या वेळात क्लिनिकमध्ये स्पॅनिश शिकले, कारण पेशंट स्पॅनिश बोलतात.

वाईट काय? सगळ्यांना वाटतं तुझं झालंय. घरी फोन केला आणि म्हटलं, मला नक्की माहीत नाही हे हवंय का, तर पलीकडे शांतता. आमच्या बॅचमधल्या एकाने सोडलं. तो आता कम्प्युटर सायन्स करतो आणि खूश आहे, पण त्याच्या बाबांनी बरेच दिवस त्याच्याशी नीट बोलणं टाकलं होतं. प्लीज असं करू नका. राखीव जागा म्हणजे घ्यायलाच पाहिजे असं नसतं. पुस्तकांच्या दुकानात पण हातात घेऊन परत ठेवतो ना आपण.

माझा निबंध आजीवर नव्हता, डॉक्टरकाका :). न्यू जर्सीत गावोगाव व्हॉलंटिअर फर्स्ट-एड स्क्वाड असतात, सोळाव्या वर्षी कॅडेट म्हणून घेतात. मी शनिवारी रात्री जायची. बहुतेक कॉल असे की म्हातारी माणसं पडलेली असतात, लागलेलं काही नसतं, फक्त उठता येत नाही. उचलायचं, बसवायचं, फॉर्म भरायचा. एक आजोबा परत परत बोलवायचे. मी लिहिलं की मला कंटाळा यायचा, आणि कंटाळा येतो म्हणून अपराधी वाटायचं, आणि मग एका सीनियर मेंबरने मला त्यांच्या घरातला गालिचा दाखवला, ज्याच्यात पाय अडकायचा. तो आम्ही टेप लावून बसवला. एवढंच. मुलाखतीत तिघांनी त्याच गालिच्याबद्दल विचारलं. माझी लॅब होती, पोस्टर होतं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

---

सांजवात_एमडी | १९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

ही मुलगी माझ्या खोलीत आली असती तर मीही गालिच्याबद्दलच विचारलं असतं. पडून मोडलेलं खुब्याचं हाड मी दर आठवड्याला बघतो.

---

पापडखार | १९ सप्टेंबर, दुपारी १:१०

डी.ओ.बद्दल (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी) कुणी बोलतच नाहीये. घरात विषय काढला की "ते हाडवैद्य ना?" म्हणतात.

---

सांजवात_एमडी | १९ सप्टेंबर, रात्री ९:२०

नाही, पूर्ण डॉक्टर. औषध लिहितात, शस्त्रक्रिया करतात, सगळ्या पन्नास राज्यांत. २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेझिडेन्सीला एकच मान्यता-व्यवस्था आहे, आणि डी.ओ.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलांतही मॅचमध्ये जागा मिळणारे नव्वद टक्क्यांहून जास्त असतात. अतिशय चुरशीच्या शाखांत, म्हणजे न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी वगैरे, वाट अजून अवघड आहे, ते लपवत नाही. पण फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, बालरोग यांत माझ्या शेजारच्या खोलीत डी.ओ. बसते आणि माझे पेशंट मला सोडून तिच्याकडे जातात.

एकत्रित कार्यक्रम इथेही आहेत. लाँग आयलंडवर एनवायआयटीचा सात वर्षांचा, आणि पेनसिल्व्हेनियातल्या लेकॉमच्या बऱ्याच कॉलेजांशी जोडण्या. बी.एस.-एम.डी.च्या यादीखाली निदान एक-दोन अशी नावं ठेवा. 'नाहीच जमलं तर' म्हणून ठेवू नका, नीट वाचून ठेवा.

---

उंबरठा | २० सप्टेंबर, सकाळी १०:०५

२९ जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, ज्याने प्रवेशात वंशाचा विचार करणं थांबवलं, आपल्या मुलांना सोपं झालं असेल ना?

---

भरत_भेट | २० सप्टेंबर, सकाळी १०:३०

साध्या कॉलेजांबाबत त्यावर वेगळा धागा काढा, इथे भांडणं होतील. बी.एस.-एम.डी.च्या रांगेत आधीच इतकी भारतीय मुलं असतात की आपली स्पर्धा आपल्याशीच आहे. एडिसनमधली पाच मुलं, पाचही टेनिस, पाचही व्हायोलिन, पाचही एकाच लॅबमध्ये.

---

ताकभात | २० सप्टेंबर, सकाळी १०:४१

सहावा आमचा. तबला होता, एवढाच फरक.

---

रातराणी | २१ सप्टेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा लेकीला वाचायला दिला. तिने स्वतः बसून यादी कापली. सहा वर्षांवालं काढलं, "मला उन्हाळे हवेत" म्हणाली. टीसीएनजे आणि एनजेआयटी राहिली, सिएना राहिलं, आणि एनवायआयटी नव्याने घातलं. ब्राउनवर मात्र अडलोय. अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून, पीएलएमईला अर्ज करता येतो असं दिसतं. तारीख १ नोव्हेंबर. करावा का?

सासूबाईंना ओसीआयची अधिसूचना समजावली. "मग तिकडेच शीक म्हणावं" असा निकाल आलाय.

---

ताकभात | २१ सप्टेंबर, रात्री १०:५५

अर्ली डिसिजन बांधील असतं हे पक्कं लक्षात ठेव. ब्राउनने कॉलेजला घेतलं आणि पीएलएमईला नाही म्हटलं, तरीही ब्राउनलाच जावं लागतं, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. टीसीएनजेची सात वर्षांची जागा मिळाली असती की नाही, ते कधी कळणारच नाही. ब्राउन तिला पीएलएमईशिवायही आवडेल का, आणि ती फी झेपेल का, या दोन्हींना हो असेल तरच. आधी त्यांच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये खरे आकडे घाला.

---

हिशेबनीस | २१ सप्टेंबर, रात्री ११:१०

आणि सीएसएस प्रोफाइल. आर्थिक मदतीसाठी नुसता सरकारी फाफ्सा फॉर्म भरून थांबू नका. ब्राउनला दोन्ही लागतात आणि अर्ली डिसिजनवाल्यांसाठी त्यांच्याही तारखा नोव्हेंबरमध्येच येतात.

---

कुंपणावरचा | २२ सप्टेंबर, सकाळी ८:००

पीएलएमईशिवाय ब्राउन आवडेल का, हा प्रश्न तिला एकटीला विचारा. तुम्ही दोघं खोलीबाहेर.

---

रातराणी | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

विचारलं. आवडणार नाही म्हणाली, तिला लहान गाव आणि घराजवळ हवंय. म्हणजे ब्राउनला रेग्युलरनेच अर्ज, जानेवारीत. आता शिफारसपत्रं. बायॉलॉजीच्या सरांना आणि इंग्रजीच्या बाईंना विचारायचं ठरलंय. तीही फर्स्ट-एड स्क्वाडमध्ये आहे, तिथल्या कॅप्टनकडून तिसरं घ्यावं का?

---

मधली_सुट्टी | २२ सप्टेंबर, रात्री ११:४०

घ्या! माझं तेच सगळ्यात चांगलं होतं असं मुलाखतीत कळलं. पण कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांचा सामायिक अर्ज) कॉलेजवार बघा, काही ठिकाणी 'इतर' पत्राला जागाच नसते. आणि सरांना या आठवड्यातच विचारा. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे चाळीस मुलं रांगेत असतात, आणि आमचे सर पंचविसाव्या पत्रानंतर नाही म्हणायचे.